ग्रुपवर न टाकलेली दुरुस्ती

या, अशा जवळ या. दारात चपलांपाशी काय उभे राहता? आणि पान उलटायची घाई करू नका. ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द दिसला की बोट आपोआप पुढच्या पानाकडे जातं, मला माहीत आहे. माझ्याकडे क्लासला येणारी मुलंही असंच करायची. तो धडा दिसायला नको म्हणून त्याची पानं स्टेपलरनं बंद करून ठेवलेली एक मुलगी मी पाहिली आहे. तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आकडे चावत नाहीत. बसा गुपचूप, चहा निवायच्या आत निम्मं समजेल.

संपादकबाई म्हणाल्या, काकू, क्लासच्या गमतीजमती लिहा, दिवाळी अंक आहे, लोकांना जरा हसू द्या. गमती आहेत, त्या सांगते. पण लिहायला बसले तेव्हा हात ज्या गोष्टीकडे गेला ती गमतीची नाही. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायला माझी जीभ वळत नाही.

आधी माझी ओळख. माझ्या नावापुढे पदवी नाही. बारावी झाले, तीही आर्ट्सची, आणि लग्न झालं. द्वारका चौकाजवळ आमच्या यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट टाइप करायला यायचे. दहा मुलांच्या दहा प्रोजेक्टमध्ये तोच तक्ता, तेच आकडे, फक्त नाव वेगळं. टाइप करता करता मी ते वाचायला लागले. एकदा एकाची बेरीज चुकली होती, मी त्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू दुकानातलं मशीनच बोललं. मग झेरॉक्सला आलेली पुस्तकं मी एक दिवस ठेवून घ्यायला लागले. ‘उद्या न्या, मशीन तापलंय’ असं सांगायचे. मशीन गार असायचं, पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. असं करत करत दोन-तीन वर्षांत मला पहिल्या वर्षाचं स्टॅटिस्टिक्स येऊ लागलं, आणि मुलं दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन विचारायला लागली. पुढे दुकान बंद झालं आणि माझा क्लास आमच्या हॉलमध्ये आला. एक सतरंजी, एक पांढरा फळा, भिंतीला टेकायला उशा.

कॉमर्सची मुलं यायची, बीबीएची, सायकॉलॉजीची, नर्सिंगची. मोठ्या क्लासमध्ये शंका विचारायला लाजणारी सगळी माझ्याकडे. ‘काकूंना विचारायला भीती वाटत नाही,’ असं एकमेकांना सांगून आणायची. हे वाक्य मी फार वर्षं मिरवलं.

त्यातल्या शेख सिस्टर तुम्हाला भेटवते. सरकारी दवाखान्यात नर्स. सेहेचाळिसाव्या वर्षी पुढची पदवी घेत होत्या. ड्यूटी संपवून यायच्या, सतरंजीवर बसायच्या आणि पाच मिनिटांत डुलक्या घ्यायला लागायच्या. एक दिवस मी ओरडले तर म्हणाल्या, “काकू, पेशंट बरा झाला की नाही ते सांगा. हे रिजेक्ट-फिजेक्ट मला कळत नाही.” दोन महिने माझं सिग्मा-सिग्मा चालू होतं, त्यांच्या पेनातून एक ओळ उतरली नव्हती. मग मी स्वयंपाकघरातून चिवड्याचं पाकीट आणलं.

म्हटलं, सिस्टर, ह्या पाकिटावर दोनशे ग्रॅम लिहिलंय. समजा आपण अशी छत्तीस पाकिटं तोलली आणि सरासरी आली एकशे सत्त्याण्णव. मग चिवडेवाला लुच्चा आहे का? लगेच म्हणायचं नाही. भरताना थोडं इकडेतिकडे होतंच. आधी धरून चालायचं की माणूस सरळ आहे, सरासरी दोनशेच भरतो. ह्या धरून चालण्याला म्हणतात शून्य परिकल्पना. मग विचारायचं, माणूस खरंच सरळ असता, तर नुसत्या योगायोगानं एवढा फरक पडायची शक्यता किती? शंभरात पाचाहून कमी निघाली, तर म्हणायचं, योगायोग म्हणायला हे जरा जास्तच झालं. परिकल्पना नाकारली. आणि पाचाहून जास्त निघाली तर? तर माणूस सरळ आहे हे काही सिद्ध झालं नाही. त्याला लुच्चा म्हणण्याइतका पुरावा आपल्या हातात नाही, इतकंच.

सिस्टर जाग्या झाल्या. “म्हणजे ताप नाहीच असं नाही. थर्मामीटरवर दिसला नाही, एवढंच म्हणायचं.”

“अगदी तेच.”

“मग हे आधी सांगायचं ना हो, काकू.”

सिस्टर पास झाल्या, पेढे घेऊन आल्या, आणि तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे येऊन बसतात. चिवडा मी पुढे प्रत्येक बॅचला शिकवला.

आता पुढचं ऐकण्यासाठी तुम्हाला आणखी एकच गोष्ट समजावी लागेल, ती म्हणजे शेपटी. आलेखाच्या निमुळत्या टोकाला इंग्रजीत ‘टेल’ म्हणतात, आमच्या हॉलमध्ये सगळे शेपटीच म्हणायचे. बघा, गिऱ्हाईकाला काळजी फक्त कमी भरलंय का ह्याची. जास्त भरलं तर तो कशाला बोलेल? त्याचा संशय एकाच बाजूला, म्हणून त्याची चाचणी एकशेपटी. कारखान्यातल्या सुपरवायझरला मात्र कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही. यंत्रात बदल झाला का, एवढंच त्याला बघायचं. त्याचा संशय दोन्ही बाजूंना, म्हणून दोनशेपटी. शंभरातल्या पाचाची जी मुभा आहे ती त्याला दोन बाजूंना अडीच-अडीच अशी वाटावी लागते, त्यामुळे परिकल्पना नाकारायला त्याला जास्त भक्कम फरक लागतो. गणितातून जो आकडा येतो तो एकशेपटीत १.६४५ च्या पुढे गेला की नाकारायचं. दोनशेपटीत १.९६ च्या पुढे जावं लागतं. बस, संपलं. एवढ्यावर मुलांचं वर्ष जातं किंवा राहतं.

गणितात एकशेपटी घ्यायची की दोनशेपटी, हे प्रश्नाच्या शब्दांवरून ओळखायचं असतं. आणि तिथंच माझी मुलं अडकायची. पेपर इंग्रजीत. आकडे समजायचे, वाक्य समजायचं नाही. मग मी एक युक्ती काढली. सोडवलेले वीस-बावीस जुने पेपर समोर मांडले आणि बघितलं, की जवळजवळ प्रत्येक उत्तरात नमुन्याची, म्हणजे तोललेल्या पाकिटांची, सरासरी ज्या बाजूला झुकलीय त्याच बाजूची शेपटी घेतलेली आहे. मग वाक्य कळायची गरजच काय? मी नियम केला. नमुन्याकडे बघा. सरासरी कमी आली, डावी शेपटी. जास्त आली, उजवी शेपटी. झालं.

आणि तो चालला हो. वर्षानुवर्षं चालला. ‘काकूंची शेपटी’ म्हणून त्याच्या झेरॉक्स दुसऱ्या कॉलेजांत फिरल्या. एका प्राध्यापकांच्या मुलीच्या वहीत मी माझा नियम पाहिला, तेव्हा घरी येऊन यांना दोनदा सांगितलं. आर्ट्सच्या बारावीला एवढं कुठून सुचलं, असं माझं मलाच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी प्रणाली आली. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा, झेंडू आणि शेवंती. सकाळी बाजारात फुलं पोचवून ती क्लासला यायची, तिच्या दप्तरातून कधीकधी पाकळ्या पडायच्या. बोलायची कमी. बीएस्सीचे बाकी सगळे विषय सुटले होते, पहिल्या वर्षाचं स्टॅटिस्टिक्स तेवढं मागं राहिलं होतं, दोनदा बसून. आणि सिन्नरच्या एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत तिला लॅबमध्ये घ्यायचं पत्र मिळालं होतं. पाकिटं तोलायची, नोंदी ठेवायच्या, माल ठीक आहे का ते सांगायचं. म्हणजे आम्ही फळ्यावर जे खोटंखोटं करायचो तेच तिथं खरं. अट एकच, जुलैअखेर पदवीची मार्कलिस्ट दाखवायची. ते पत्र ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहीत ठेवायची. घराण्यात पगाराची नोकरी लागणारी ती पहिली होती.

मी शेपटीचा नियम शिकवला त्या दिवशी तिनं हात वर केला. तिचा हात वर जाण्याची ती पहिलीच वेळ.

“काकू, पण हे आधी वजन बघून मग ठरवल्यासारखं झालं.”

“मग? काय बिघडलं?”

“कमी आलं असतं तर आपण कमीवाली शेपटी घेतली असती. जास्त आलं असतं तर जास्तवाली. म्हणजे हिकडचे पाच आणि तिकडचे पण पाच. पाचाचे दहा झाले ना? चिवडेवाला सरळ असला तरी दुप्पट वेळा आपण त्याला लुच्चा म्हणणार.”

खरं सांगते, तिनं काय म्हटलं ते मला त्या क्षणी कळलं नाही. मला कळलं इतकंच की ही पोरगी मला चुकीचं म्हणतेय आणि पंचवीस जण ऐकतायत. डिग्री नसलेल्या माणसाला एक भीती कायम असते. कधीतरी कुणीतरी उठेल आणि म्हणेल, तुम्हाला येतं तरी का हे? ती भीती माझ्या तोंडून बोलली. मी म्हटलं, “बाई गं, तुला पास व्हायचंय की पेपर काढायचाय?”

सगळे हसले. प्रणालीही हसली. मान खाली घालून तिनं माझा नियम वहीत उतरवून घेतला.

तिचं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. भाजी निवडताना मध्येच आठवायचं, पाचाचे दहा. परीक्षा मंगळवारी होती. आदल्या रविवारी दुपारी यांचा डोळा लागल्यावर मी मोबाइलवर एका प्राध्यापकांचं लेक्चर लावलं. ते गृहस्थ चष्मा पुसता पुसता सहज बोलून गेले, की संशय कोणत्या बाजूचा हे नमुना बघायच्या आधी ठरवायचं असतं. बघून ठरवलं तर तुमच्या पाच टक्क्यांना काही अर्थ राहत नाही. मी ते वाक्य तीनदा मागं नेऊन ऐकलं.

मग कपाटावरून ते जुने पेपर काढले, ज्यांच्यावरून मी नियम केला होता. ह्या वेळी आकडे बघितले नाहीत, डिक्शनरी घेऊन वाक्यं वाचली. ज्या गणितांत एकशेपटी होती त्या सगळ्यांत प्रश्नातच लिहिलेलं होतं, ‘कमी झाले आहे का’, ‘वाढले आहे का’. शेपटी त्या शब्दांवरून आली होती, नमुना त्याच बाजूला झुकलेला होता इतकंच. आणि चार पेपर वेगळे बांधून ठेवलेले सापडले. माझ्या नियमात न बसणारे. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘छपाईची चूक’. चारही गणितांत प्रश्न होता ‘बदल झाला आहे का’, आणि चारही उत्तरं दोनशेपटी होती.

माझ्या नियमाविरुद्ध जो पुरावा होता तो मी स्वतः सुतळीनं बांधून कपाटावर ठेवला होता. आणि पुरावा कसा तपासायचा, हे मी लोकांच्या पोरांना शिकवत होते.

बरं, इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते. मला लाज वाटते ती ह्याच्या पुढच्या दोन दिवसांची.

क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्या बॅचचे सव्वीस जण. मी मेसेज लिहायला घेतला. ‘मुलांनो, एक दुरुस्ती. शेपटीचा नियम मी चुकीचा शिकवला. प्रश्नात फक्त बदल विचारला असेल तर दोनशेपटी घ्या.’ तीन ओळी. वाचून बघितल्या. मग मनात एकेक यायला लागलं. दोन दिवसांवर परीक्षा, पोरं गोंधळतील. असा प्रश्न येतो कितीदा, वीस पेपरांत चार. ज्यांना आधीच्या वर्षांत शिकवलं त्यांचं काय, ते काय म्हणतील? आणि सगळ्यांत खाली, तळाशी, जे होतं ते असं, की प्रणाली सगळ्यांसमोर बरोबर ठरेल. मी तिला हसले होते.

मी मेसेज पुसला. त्याच्या जागी दुसरा टाकला, ‘सर्वांना शुभेच्छा. वेळेवर जेवा. हॉल तिकीट विसरू नका.’ सव्वीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

सोमवारी सकाळी प्रणाली फाटकाशी आली. बाजारातून परतताना माझ्यासाठी शेवंती आणली होती, परीक्षेच्या आधी नमस्कार करायला. आत ये म्हटलं तर म्हणाली, नको, अभ्यास राहिलाय. वाकून नमस्कार केला, आणि गाडी सुरू करता करता थांबली.

“काकू, ते शेपटीचं. मला अजून माझंच बरोबर वाटतं. पण पेपरात तुमच्यासारखंच लिहू ना?”

इतकं सरळ मला आयुष्यात कुणी विचारलं नसेल. उत्तर मला माहीत होतं. मागे कोणी ऐकणारं नव्हतं, बॅच नव्हती, फक्त ती आणि मी. ‘तुझं बरोबर आहे’ एवढे तीन शब्द.

मी म्हटलं, “मी शिकवलंय तसंच लिही. तपासणाऱ्याला वेगळं दिसलं की मार्क कापतात.”

“बरं,” म्हणाली आणि गेली. ती शेवंती मी देवाला वाहिली. कशी वाहिली, मला माहीत नाही.

मंगळवारी दुपारी फोन यायला लागले. काकू, पेपर सोपा होता, काकू, तुमची शेपटी आली. मी विचारलं, प्रश्न काय होता तो वाचून दाखव. पोरानं वाचला. पाचशे ग्रॅमच्या पिशव्या भरणारं यंत्र, दुरुस्तीनंतर शंभर पिशव्या तोलल्या, सरासरी कमी भरली, तर सरासरी वजनात बदल झाला आहे का? आणि गणिताचा आकडा येत होता १.८. म्हणजे माझ्या नियमानं १.६४५ च्या पुढे, परिकल्पना नाकारली. बरोबर रीतीनं १.९६ च्या आत, नाकारता येत नाही. पेपर काढणाऱ्यानं मुद्दाम त्या दोन आकड्यांच्या मधोमध आणून ठेवलं होतं. मी फोन ठेवला. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय.

निकाल लागला. बहुतेक सगळे पास झाले, बाकीच्या प्रश्नांवर निभावले. प्रणालीला तीन मार्क कमी पडले.

तुम्हाला माहीत असेल, आता मुलांना अर्ज करून स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते. मग फेरतपासणीला टाकायचं की नाही ते ठरवायचं. हे ठरवायला मुलं शिकवणाऱ्याकडे येतात. प्रणाली झेरॉक्स घेऊन माझ्याकडेच आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

आम्ही सतरंजीवर बसलो. मी पानं उलटत गेले. ते यंत्राचं गणित आलं. आधी पूर्ण पानभर एक उत्तर होतं. ‘बदल’ ह्या शब्दाखाली रेघ, दोन्ही बाजूंच्या शेपट्या काढलेली सुबक आकृती, १.८ हा १.९६ हून लहान, म्हणून नाकारता येत नाही. अक्षर मोत्यासारखं. सगळं बरोबर. आणि त्या सगळ्यावर, पट्टी धरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी काट. पुढच्या पानावर तेच गणित पुन्हा, घाईच्या अक्षरात, एकशेपटी, परिकल्पना नाकारली. त्याला एक मार्क. काट मारलेलं तपासत नाहीत. शेवटचा प्रश्न कोराच होता. तेच गणित दोनदा करण्यात वेळ गेला होता.

ती माझ्या बोटाबरोबर बघत होती. समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, “आधीचं माझं आहे, काकू. नंतरचं तुमचं.”

टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग विचारलं, “फेरतपासणीला टाकू का? तुम्ही म्हणाल तसं.”

आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, “टाक. तपासणारा कडक दिसतोय. वाढतील चार-दोन.” कुठून वाढणार होते? मला माहीत होतं, वाढायचे नाहीत. तिनं अर्ज केला, महिनाभर वाट बघितली. मार्क तेवढेच राहिले. जुलै संपला. सिन्नरच्या कंपनीनं दुसरी मुलगी घेतली.

पुढची बॅच आली. मी बरोबर नियम शिकवायला लागले, पण कसा, तर ‘नियमात थोडी सुधारणा केली आहे’ असं म्हणून. म्हणजे जणू मी काही नवीन शोधलंय. तेही मी तेव्हा धडधडीत केलं.

शेख सिस्टर आल्या होत्या एक दिवस. त्यांच्या हॉस्पिटलच्या गोष्टी सांगत होत्या, एका नवीन मुलीनं चुकीच्या पेशंटला गोळी दिली, काही झालं नाही सुदैवानं, पण पोरगी रडत होती. मी विचारलं, मग काय करता तुम्ही अशा वेळी? म्हणाल्या, लिहितो. कुठली गोळी, किती वाजता, कुणी दिली, लिहून डॉक्टरांना सांगायचं आणि घरच्यांनाही सांगायचं. लिहिल्याशिवाय तिची ड्यूटी मी संपू दिली नाही.

का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रविवार, पुसलेला मेसेज, सोमवार, ती काट. पहिल्यांदाच कुणालातरी. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या काकू, तुम्ही काय मुद्दाम केलं का? तसं काही म्हणाल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवला.

“त्या पोरीला माहीत आहे का, तुम्हाला आधी कळलं होतं ते?”

“नाही.”

“मग अजून तुमचं लिहून झालेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मखमलाबादला गेले. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, मळ्यात झेंडूची तोडणी चालली होती, घरभर पोती. प्रणालीच्या आईनं मला बघितलं आणि हात पुसत धावत आली. बसायला चटई टाकली, शेजारणीला हाक मारून बोलावलं, ह्या आमच्या प्रणालीच्या काकू, ह्यांच्यामुळं पोरगी गणितात टिकली बघा, नाहीतर कवाच सोडलं असतं तिनं. चहा आला. मी घोट घेत राहिले आणि ती माऊली माझं कौतुक करत राहिली. त्या चटईवर मला बोलता येईना. सांगायला आले होते आणि अर्धा तास कौतुक ऐकून उठले.

प्रणाली मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय म्हणाली, क्लास लावत नाही, घरीच करतेय. बांधावरून पुढे ती, मागे मी. शेवटी मी तिच्या पाठीशीच बोलले.

“प्रणाली, तुझं बरोबर होतं.”

ती वळली. हसली थोडी. “कळलं मला, काकू. झेरॉक्सवरून कळलंच. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं तेव्हा.”

म्हणजे तिनं मला आधीच माफ केलं होतं, माहीत नव्हतं म्हणून. तिथं गप्प बसले असते तर सगळं गोड राहिलं असतं.

म्हटलं, “मला माहीत होतं. रविवारी कळलं होतं.”

तिचं हसू गेलं. मग हळू म्हणाली, “रविवारी? म्हणजे मी सोमवारी आले होते तेव्हा?”

“हो.”

तिच्या ओढणीला झेंडूची देठं चिकटली होती ती एकेक काढत उभी राहिली. माझ्याकडे सांगायला बरंच होतं, डिग्रीचं, भीतीचं, सगळं. पण तिच्या चेहऱ्यासमोर त्यातलं काही बोलण्यासारखं उरलं नाही. मग म्हणाली, “काकू, रिक्षा आली तुमची.”

घरी आल्या आल्या मी तो मेसेज टाकला. चार महिने उशिरा. चुकीचा नियम, बरोबर नियम, मला कधी कळलं आणि मी का सांगितलं नाही. कुणी अंगठा टाकला, कुणी हात जोडले, एकानं लिहिलं, काकू टेन्शन नका घेऊ, आम्ही पास झालो. आणि त्या सगळ्या अंगठ्यांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली, प्रणाली ग्रुपमधून बाहेर पडली.

ऑक्टोबरला ती पास झाली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. आता दिंडोरीच्या बाजूला कुठल्याशा कंपनीत आहे म्हणतात, सिन्नरसारखं ते काम नाही, पण लॅबच आहे. मी फोन केला नाही. केला असता तर तिनं उचलला असता, तशी आहे ती, आणि मला बरं वाटावं म्हणून तिनं काही बोलावं हे मला नको होतं.

क्लास अजून चालू आहे, दहा-बारा जण येतात. शेपटीच्या दिवशी मी फळ्याच्या एका बाजूला माझा जुना नियम लिहिते आणि ही गोष्ट जशी घडली तशी सांगते, नाव न घेता. ज्यांनी पूर्वी माझ्याकडून तो नियम घेतला आणि ज्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांनी कृपा करून तो खोडून टाकावा.

आणि प्रणाली, हे तुझ्यासाठी. मुलं ऐकतात गं, पण ‘पाचाचे दहा कसे होतात’ हे तू त्या दिवशी चार वाक्यांत सांगितलंस तसं मला अजून सांगता येत नाही. मी अर्धा तास घेते आणि निम्मी पोरं डुलतात. मागच्या आठवड्यात एका मुलीनं हात वर करून विचारलं, काकू, त्या ताईला नेमकं कसं सुचलं? मी म्हटलं, तिलाच विचारू. फुलांची गडबड संपली की ये. मला माफ कर म्हणून बोलवत नाही, ते तू तुझं ठरव, आणि नाही ठरवलंस तरी ये. तू फळ्यापाशी उभी राहा, मी सतरंजीवर बसते. त्या दिवशी तुझं बोलणं मी पुरं होऊ दिलं नव्हतं. ते पुरं ऐकायचंय. लवकर ये.